विहिरीत कारखान्याचं पाणी उतरलं तर: जल अधिनियमाखाली तक्रारीचा क्रम

विहिरीचं पाणी तांबूस झालं, मोटर लावली की फेस येतोय, गुरं तोंड लावेनात. अशा वेळी गावात कुणीतरी बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरतं, कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतं आणि दोन दिवसांत कलेक्टरपासून मंत्रालयापर्यंत अकरा ठिकाणी अर्ज जातात. तीन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर येतं: "पाहणीवेळी विसर्ग आढळून आला नाही." फाइल बंद.

अशा फायली चाळल्या की बहुतेक वेळा चूक क्रमात सापडते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ खाली खटल्यात टिकतो तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कलम २१ प्रमाणे घेतलेला सांडपाण्याचा नमुना. तुमची बाटली कितीही प्रामाणिक असली तरी त्या नमुन्याच्या जागी बसत नाही. म्हणून तुमचं खरं काम म्हणजे त्या अधिकाऱ्याला सांडपाणी वाहत असताना नेमक्या नळाच्या तोंडाशी आणून उभं करणं. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

एक शंका आधीच मिटवून टाकू. "आमची तर विहीर आहे, नदी नाही; कायदा लागतो का?" लागतो. या कायद्यातल्या 'प्रवाह' या शब्दात नदी, ओढा, सध्या कोरडा पडलेला ओढा आणि जमिनीखालचं पाणी हे सगळं येतं, आणि कलम २१ व २४ मध्ये विहिरीचा उल्लेख थेट आहे. समोर कारखानाच असावा लागतो असंही नाही. नगरपरिषदेचं गटार असलं तरी वाट हीच.

टप्पा १: पहिल्या दिवशी पाणी बंद, नोंदवही सुरू

पिण्यासाठी त्या विहिरीचं पाणी वापरणं लगेच थांबवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा. सार्वजनिक विहीर असेल तर 'पाणी पिण्यास अयोग्य' हा फलक ग्रामपंचायतीने लावायचा आहे. तो कोणत्या तारखेला लागला तेही लिहून ठेवा.

मग एक साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमधले फोटो चालतात, पण फोटो वहीला जोडलेले हवेत, वहीऐवजी नकोत. रोज चार गोष्टी लिहायच्या: तारीख आणि वेळ, कुठे पाहिलं, काय दिसलं (रंग, वास, फेस, मेलेले मासे), सोबत कोण होतं. 'रात्री सोडतात' असं मोघम लिहू नका. 'रात्री ११.४० ते १.१५, पुलाच्या वरच्या अंगाला, गडद तपकिरी, सडक्या गुळासारखा वास' असं लिहा.

ही वही किमान दहा-बारा दिवस चालवा. त्यातून वेळापत्रक उघडं पडतं. काही ठिकाणी शनिवारी रात्री सोडतात, काही ठिकाणी पहिल्या दमदार पावसाची वाट बघतात, कारण ओढ्याला पूर आला की सगळं वाहून जातं. अधिकाऱ्याला कधी बोलवायचं हे या वहीतूनच ठरणार आहे.

सावधान: नळ किंवा चर मातीने बुजवू नका. रागाच्या भरात हे फार गावं करतात. त्याने पुरावा जातो आणि उलट तुमच्यावरच गुन्हा दाखल होण्याची शक्यता निर्माण होते. कुंपण ओलांडून आतही जायचं नाही. आत शिरण्याचा अधिकार कलम २३ खाली मंडळाच्या अधिकाऱ्याला आहे, आपल्याला नाही.

जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. पीक जळलं तर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) यांच्याकडून पंचनामा करून घ्या. भरपाईचा विषय पुढे येतो तेव्हा हे कागद नसले की हात हलवत परतावं लागतं.

टप्पा २: स्वतःचा नमुना, पण स्वतःच्या माहितीपुरता

कोर्टात टिकत नाही तर नमुना घ्यायचा कशाला? कारण त्यावरून काय शोधायचं ते कळतं, आणि तक्रारीत आकडा असला की अर्जाला वजन येतं. शिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर (पर्यावरणाच्या वादांसाठीचं न्यायालय) प्राथमिक आधार म्हणून तो दाखवता येतो.

इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त बिघडलेल्या विहिरीचा नमुना घेणं. एकट्या आकड्याला अर्थ नसतो. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी मुळातच खारं. उसाच्या पट्ट्यात खतांमुळे नायट्रेट आधीच चढलेलं. समोरचा वकील पहिलं वाक्य हेच टाकतो: "हे खतांमुळे आहे." त्याला उत्तर म्हणून किमान तीन प्रकारचे नमुने हवेत:

- बाधित विहीर
- त्याच खडकात, पण कारखान्याच्या वरच्या अंगाला असलेली विहीर
- ओढ्याचं पाणी: सांडपाणी मिसळतं त्याच्या वर एकदा, खाली एकदा

चौथा आधार फुकट मिळतो आणि लोक तोच विसरतात. ग्रामपंचायतीच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोताची रासायनिक आणि जैविक तपासणी दरवर्षी होत असते. मागच्या तीन-चार वर्षांचे अहवाल ग्रामपंचायतीकडे मागा. बिघाड होण्याआधी पाणी कसं होतं हे सांगणारा, सरकारी शिक्का असलेला कागद तो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असेल तर तिच्या नोंदीही मागवता येतात.

नमुना घेताना:

१. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा नवा, स्वच्छ प्लास्टिकचा कॅन घ्या. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तो तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. कोल्ड्रिंकची किंवा दारूची बाटली नको, कितीही धुतलेली असली तरी.

२. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची. ती विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि वर थोडी हवा ठेवायची. पहिल्या कॅनच्या अगदी उलट नियम, त्यामुळे घाईत अदलाबदल होते.

३. बोअर असेल तर मोटर काही मिनिटं चालू ठेवून मग भरा. पाइपात साचलेल्या पाण्यावरून काही कळत नाही.

४. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि जैविक तपासणीत २४ तासांच्या पुढे गेलात तर ते आकडे विसरा.

५. कॅनवर न पुसणाऱ्या शाईने जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव लिहा.

काय तपासायचं ते प्रयोगशाळेला तुम्ही सांगा. 'सगळं तपासा' म्हटलं की पिण्याच्या पाण्याची ठरावीक यादी हातात येते आणि सीओडी (तीच घाण रसायनाने मोडायला लागणारा प्राणवायू) त्यात बहुधा नसतो. सामू (पीएच), टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, नायट्रेट, सीओडी, बीओडी हे हवंच. आसवनीचं (मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याचं) मळीमिश्रित पाणी असल्याचा संशय असेल तर पोटॅशियम आणि रंग मागा. इलेक्ट्रोप्लेटिंगचे कारखाने असतील तर क्रोमियमसह जड धातू.

अहवाल आला की पिण्याच्या पाण्याचं मानक, म्हणजे आयएस १०५००, समोर ठेवा. टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. क्लोराइड २५० आणि १,०००. नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही. सामू ६.५ ते ८.५. ही मानकं तुमच्या विहिरीला लावा, कारखान्याच्या नळाला नाही. सांडपाण्याची मानकं वेगळी आहेत, आणि तक्रारीत ही गल्लत झाली की कारखान्याला आयतं उत्तर मिळतं.

टप्पा ३: तक्रारीआधी संमतीपत्र वाचा

माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत जास्त फळ देणारा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा हा आहे.

सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला कलम २५ खाली मंडळाची संमती लागते. मंडळाने या संमतींची आणि त्यातल्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि कलम २५ च्या पोटकलम ६ प्रमाणे त्या सांडपाण्याने बाधित झालेल्या कुणालाही ती वाजवी वेळेत पाहता येते. 'ही गोपनीय माहिती आहे' असं कुणी म्हटलं तर या पोटकलमाचं नाव घ्या. बरीच संमतीपत्रं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरही सापडतात.

वीस पानांच्या त्या कागदात चार जागा शोधायच्या:

- रोज किती सांडपाण्याला परवानगी आहे (घनमीटर प्रतिदिन, म्हणजेच 'सीएमडी')
- ते कुठे सोडायचं आहे: सामायिक प्रक्रिया केंद्रात, आवारातल्या झाडांना, की पूर्ण पुनर्वापर
- बीओडी, सीओडी, सामू यांच्या मर्यादा
- संमतीची मुदत संपण्याची तारीख

दुसरी ओळ दोनदा वाचा. तिथे 'शून्य विसर्ग' किंवा 'शंभर टक्के पुनर्वापर' लिहिलं असेल तर आवाराबाहेर आलेला थेंबही अटींचा भंग आहे. मग बीओडी ३० च्या आत होता की बाहेर, या वादात शिरायचीच गरज नाही. आकड्यांवर महिने घालवल्यानंतर संमतीपत्रात ओढ्यात सोडायची परवानगीच नव्हती हे लक्षात आलेली गावं आहेत.

पडताळणी: पुढे जाण्याआधी हातात हे आहे ना? कारखान्याचं कागदावरचं पूर्ण नाव, प्लॉट किंवा गट क्रमांक, संमतीपत्राची प्रत, नोंदवही, अहवाल. नाव नीट पाहून घ्या. गावात ज्या नावाने कारखाना ओळखतात ते नाव पुष्कळदा कागदावर नसतंच.

टप्पा ४: तक्रार एकाच ठिकाणी, एका पानात

तक्रार जाते ती मंडळाच्या तुमच्या भागातल्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे, प्रत प्रादेशिक अधिकाऱ्याला. बाकी अकरा ठिकाणी पाठवलेले अर्ज फिरून याच टेबलावर येतात, तेही वेगवेगळ्या जावक क्रमांकांनी, आणि मग 'वरिष्ठांकडून आलेल्या पत्रास उत्तर' हेच तिथलं मुख्य काम होऊन बसतं.

अर्जात 'पाणी दूषित होत असून योग्य ती कारवाई करावी' एवढंच असेल तर योग्य ती कारवाई म्हणजे एक पत्र. मागणी मोजता येईल अशी करा. मधला परिच्छेद साधारण असा:

"गट क्र. … मधील … या कारखान्याच्या उत्तरेकडील भिंतीखालून निघणाऱ्या नळातून … ओढ्यात दि. … ते … या काळात नऊ वेळा सांडपाणी सोडल्याचे आम्ही पाहिले आहे (नोंदी व फोटो सोबत). संमतीपत्र क्र. … मधील अटीनुसार ओढ्यात विसर्गास परवानगी नाही. तरी शनिवार-रविवार रात्री १० ते २ या वेळेत पूर्वसूचना न देता पाहणी करून सदर नळाच्या तोंडाशी कलम २१ नुसार नमुना घ्यावा, तसेच ओढ्याच्या वरच्या व खालच्या बाजूचे आणि गट क्र. … मधील विहिरीचे नमुने घ्यावेत."

सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. कारखाना, नळ, ओढा, विहिरी, अंतरं, उतार कुठल्या दिशेला. गूगलच्या नकाशापेक्षा हा जास्त उपयोगी पडतो, कारण शेतातून जायची वाट फक्त यातच असते.

अर्ज स्वतः नेऊन द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ईमेलही करा, पण पोच म्हणून शिक्क्याचीच प्रत जपा.

सावधान: अर्ज दिल्याची बातमी किंवा फोटो त्या दिवशी कुठेही टाकू नका. आठ-दहा दिवस नळ कोरडा राहतो, अधिकारी नेमका तेव्हाच येतो आणि "विसर्ग आढळून आला नाही" हे वाक्य खरंच खरं ठरतं.

टप्पा ५: पाहणीचा दिवस

नळ चालू दिसला की आवक क्रमांक सांगून क्षेत्र अधिकाऱ्याला फोन करा आणि लगेच फोटोसह संदेश पाठवा. फोन उचलला नाही तरी संदेशावरची वेळ राहते.

अधिकारी आल्यावर गर्दी नको. वाट दाखवायला दोघं आणि नोंदी ठेवायला एक, एवढे पुरेत. चाळीस माणसं आणि घोषणा झाल्या की अधिकारी आधी पोलिसांना फोन करतो आणि नमुना राहून जातो.

कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना घेताना जे व्हायला हवं ते असं. अधिकाऱ्याने जागेवरच कारखान्याच्या जबाबदार माणसाला ठरलेल्या फॉर्ममध्ये लेखी नोटीस द्यायची. त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही डब्यांवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या. एक डबा लगेच मंडळाच्या किंवा मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत. कारखान्याचा माणूस मुद्दाम गैरहजर राहिला किंवा सही नाकारली तर काय करायचं तेही कायद्यात आहे, त्यामुळे 'मालक नाही म्हणून नमुना घेता आला नाही' हे कारण चालत नाही. मात्र ही पद्धत पाळली नाही तर विश्लेषणाचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. खटला पडतो तो पुष्कळदा इथेच.

तुम्ही डब्याला हात लावायचा नाही. फक्त पाहायचं आणि वहीत उतरवायचं:

- नमुना नळाच्या तोंडाशी घेतला की ओढ्यात मिसळल्यावर? मिसळल्यावर घेतलेला नमुना पातळ झालेला असतो आणि कुणाचा ते सिद्ध करणं अवघड जातं.
- किती डबे, त्यांवर कोणते क्रमांक, सील झाले का, वेळ काय?
- विहिरीचा नमुना घेतला का? फक्त विहिरीचाच घेतला असेल तर नम्रपणे नळाचाही मागा. विहिरीच्या नमुन्यातून नुकसान कळतं, करणारा कळत नाही.

शेवटी पाहणी अहवालावर सही मागतील. वाचल्याशिवाय करू नका. नळ वाहत होता आणि तसं लिहिलं नसेल तर सहीच्या वर तुमच्या अक्षरात 'पाहणीवेळी नळातून तपकिरी पाणी वाहत होते, वेळ …' असं लिहून मग सही करा. सही नाकारून तरातरा निघून जाणं हा सर्वांत वाईट पर्याय, कारण मग अहवालात तुमचं म्हणणं उरतच नाही. प्रत मागा, नाही मिळाली तर पानाचा फोटो घेऊ देण्याची विनंती करा.

टप्पा ६: अहवाल आणि नोटिसा हातात घेणं

दोन-तीन आठवड्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. 'कारवाई का केली नाही?' असं विचारू नका. 'का' हा प्रश्न 'माहिती'त बसत नाही असं उत्तर मिळतं. कागदाचं नाव घ्या: अमुक तारखेचा पाहणी अहवाल, त्या डब्यांचे विश्लेषण अहवाल, दिलेली कारणे दाखवा नोटीस, कारखान्याचं उत्तर, कलम ३३-अ खालचे निर्देश, बँक गॅरंटी घेतली वा जप्त केली असल्यास त्याचा आदेश. कारखान्याला ऑनलाइन मोजणी यंत्र लावणं बंधनकारक असेल तर त्या तारखांच्या तासागणिक नोंदीही मागा. नेमक्या त्याच रात्री यंत्र 'देखभालीसाठी बंद' असेल तर ती नोंदही तुमच्या कामाचीच.

कलम ३३-अ खाली मंडळ कारखाना बंद करण्याचे, वीज किंवा पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकतं. असे निर्देश झाले असतील तर वीज खरोखर तोडली का, ते जाऊन पाहा.

टप्पा ७: मुदती

मंडळ हललं नाही तर दोन वाटा आहेत. दोन्हींसाठी पर्यावरणाच्या प्रकरणांत काम केलेला वकील गाठा.

पहिली, फौजदारी. कलम ४९ प्रमाणे सामान्य माणसालाही न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करता येते, पण आधी मंडळाला ठरलेल्या पद्धतीने किमान साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीशिवाय केलेली तक्रार दाखलच होत नाही. ती केल्यावर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागण्याचा हक्कही याच कलमात आहे. सार्वजनिक हिताचं कारण देऊनच मंडळ ते नाकारू शकतं. २०२४ च्या दुरुस्तीने या कायद्यातल्या बऱ्याच शिक्षांच्या जागी दंड आणला आहे, पण ती दुरुस्ती ठराव करून स्वीकारणाऱ्या राज्यांना लागते, त्यामुळे नोटिशीतली कलमं वकिलाकडून तपासून घ्या.

दुसरी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. प्रदूषण थांबवण्यासाठीचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा. पुरेसं कारण असेल तर आणखी साठ दिवस. भरपाई आणि विहीर पूर्ववत करून मिळण्यासाठी पाच वर्षं, वर पुन्हा साठ दिवस.

सावधान: सहा महिने मोजायचे ते शेवटच्या अर्जापासून किंवा मंडळाच्या उत्तरापासून नाहीत. स्मरणपत्रं पाठवत बसलात तरी घड्याळ थांबत नाही. नोंदवहीच्या पहिल्या पानावरच सहा महिन्यांची तारीख लाल शाईने लिहून ठेवा.

आणि पिकाची किंवा गुरांची भरपाई मंडळाकडे मागू नका. ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम १५ खाली न्यायाधिकरणाकडे मागायची, टप्पा १ मधले पंचनामे जोडून.

टप्पा ८: कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर

बंदचे निर्देश कायमचे नसतात. काही अटींवर पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळते. त्या आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागा आणि प्रत्येक अट जागेवर तपासा: नळ काँक्रीटने कायमचा बंद केला का, साठवण टाकीला अस्तर घातलं का, ओढ्यातला गाळ काढून कुठे नेला.

ओढा एका पावसाळ्यात निवळलेला दिसतो, विहीर नाही. खडकाच्या भेगांत मुरलेलं पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहू शकतं. म्हणून त्याच तीन-चार जागांचे नमुने, त्याच प्रयोगशाळेत, त्याच घटकांसाठी पावसाळ्याआधी आणि नंतर घेत राहा. एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात घेतलेले दोन आकडे एकमेकांशी ताडू नका. पुनर्भरणामुळे सप्टेंबरचा आकडा तसाही खाली येतो, आणि विहीर सुधारल्याचा पुरावा म्हणून कारखान्याचा वकील तोच पुढे करतो. मे ला मे, सप्टेंबरला सप्टेंबर.